फुईची पट्टी

रिमेक हा शब्द मला फारसा आवडत नाही. पण माझं पोट त्याच्यावरच चालतं, त्यामुळे नाक मुरडायची सोय नाही. सुरतेच्या उधन्यात, मेन रोड सोडून आत आलं की एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत मी आणि कॉम्प्युटर, दुसरीत माइक आणि गाणारा, मधे काच. भिंतींना फोम लावलाय, दाराला रबर लावलंय, तरी मागच्या गल्लीतल्या लूमची धडधड फरशीतून पायांत येतेच. माइक मी जाड रबराच्या तुकड्यावर उभा करतो आणि बाकी देवावर सोडतो. गाणारेही याच गल्ल्यांतले असतात. त्यांना ती धडधड नसली तर उलट चुकल्यासारखं होतं.

कामही ठरलेलं. लग्नाची गाणी, हळदीची गाणी, श्रावणात कानबाईची, एप्रिलच्या आधी भीमजयंतीची. त्यातली निम्मी नवीन असतात आणि निम्मी जुनीच, नवे कपडे घालून आलेली. गाणं जुनं, चाल जुनी, शब्दही तेच. खाली फक्त बीट टाकायचा, आणि मधे कोणीतरी भसाड्या आवाजात चॅनलचं नाव ओरडायचं. लोक त्याच्यावर नाचतात. मी बिल करतो.

दिवाळीनंतर लग्नसराईच्या तोंडावर भेस्तानचा एक तरुण माझ्याकडे आला. त्याचं व्हिडिओचं चॅनल आहे. नंदुरबारकडे जाऊन शेतात मुलींना नाचवून तो व्हिडिओ काढतो आणि ते बऱ्यापैकी चालतात. त्याचे आजोबा खानदेशातून आलेले. आता हा मित्रांशी हिंदीत बोलतो, धंदा गुजरातीत करतो आणि अहिराणी आजीसाठी आणि गाण्यासाठी राखून ठेवतो. मुलगा गुणी आहे, फक्त घाईत असतो. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"काका, हे ऐका. ओरिजनल जैसा ही चाहिये, बस बीट नया."

ढोलकीच्या पहिल्या दोन थापांतच मी गाणं ओळखलं. ते माझ्या फुईचं होतं.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. आत्या हा शब्द आम्ही शाळेत शिकलो, घरी कधी वापरला नाही. हळदीचं गाणं आहे. खानदेशातून सुरतेला दिलेली मुलगी आगगाडीत बसली आहे आणि गाडीवाल्या भावाला विनवते आहे, की बाबा, जरा हळू हाक, अजून माझ्या आईच्या दारातला निंब दिसतोय, तो दिसेनासा झाला की मग हाक हवी तशी. कडव्यामागून कडव्यात निंब जातो, विहीर जाते, मग नदी येते आणि ती पण जाते. चाल आमच्या गावच्या बायकांची, फार जुनी. आगगाडी तिच्यात फुईने घातली, कारण ती स्वतः तशीच आली होती.

त्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याचा दोष नव्हता. कॅसेटच्या कव्हरवर नथवाल्या नवरीचं चित्र होतं, गाणाऱ्यांची नावं नव्हती. मी त्याला सांगितलं, ही बाई इथून दोन गल्ल्या सोडून राहते. त्याला ते आधी खरं वाटेना, मग त्याने तिच्यासोबत फोटो काढायचा म्हणून घाई सुरू केली.

कॅसेटची गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की मी तिथे नव्हतो यावर माझाच विश्वास बसत नाही. फुवाजी, म्हणजे फुईचे यजमान, लूमवर होते आणि जोडीला मार्केटमध्ये कापडाचे ताके पोचवत. तिथल्या एका साड्यांच्या व्यापाऱ्याच्या लक्षात आलं, की त्याच्या साड्या नेणारे खानदेशी लोक कॅसेटीही खूप नेतात. त्याने बाजूला तोही धंदा काढला. चार गाणारे जमवले, एका दिवसापुरती खोली घेतली. गाणी संपून थोडा वेळ उरला, तेव्हा फुवाजी म्हणाले, आमच्या घरचीही गाते. फुईला स्वयंपाक करता करता बोलावून नेलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पाळणा शेजारणीच्या हवाली करून फुई गेली, माइकसमोर उभी राहिली आणि एका दमात गाऊन परत आली. तोवर डाळ लागली होती, हे ती आजही सांगते.

कॅसेट चालली. नुसती चालली नाही, डोक्यावर घेतली लोकांनी. सुरतेपासून धुळ्यापर्यंत हळदीचा मांडव पडला की लाउडस्पीकरवर आधी तेच गाणं लागायचं. फुईने स्वतःचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेही मांडवातल्या कर्ण्यातूनच. आवाज बारीक, कोवळा, उंच. तिला तो ओळखू आला नाही. यात नवल काही नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा गाणारा पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून हेच म्हणतो, की हा मी नाही. मी त्यांना ठरलेलं उत्तर देतो, की आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, जगाला बाहेरून, सवय होईल. फुईलाही लोकांनी हेच सांगितलं. मशीनमधून असाच येतो म्हणे. तिने मान डोलावली.

पुढे व्हायचं ते झालं. कॅसेटवाली बाई हीच म्हटल्यावर प्रत्येक हळदीला तिला आग्रह सुरू झाला. ती गायची, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. चांगलं गायलीस हो, पण कॅसेटमा शे तसं नही ऊनं, बाई. कॅसेटमधल्यासारखं नाही आलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग तिने कॅसेटसारखं गायचा प्रयत्न केला. कॅसेटच्या सुरात सूर लावायला गेली आणि नदीच्या कडव्यात, जिथे चाल वर जाते, तिथे आवाज फाटला. भर मांडवात पोरी हसल्या. त्यानंतर फुईने ठरवूनच टाकलं, की आपला गळा गेला. लूमच्या खोलीतल्या धाग्याच्या धुळीने गेला, असं ती म्हणायची. कधी म्हणायची नजर लागली. गाणं बंद झालं. ओव्या, भजन, कानबाईची गाणी, सगळंच. टाळ्या वाजवायची, ओठ हलवायची.

तिच्या स्वतःच्या मुलीची हळद होती, तेव्हा मी मोठा होतो, मांडवात साउंड माझाच होता. बायकांनी फुईला घेरलं. पोटच्या पोरीला तरी गा. फुई म्हणाली, "मना गळा गया, बाई. ते लावा ना, ते चांगलं शे." आणि तिने मला खूण केली. मी गाणं लावलं. नवरी आईकडे बघत होती आणि आई हळदीच्या वाटीत बघत होती. त्या दिवसाबद्दल आमच्यात नंतर कधी बोलणं झालं नाही. पण तिच्या मनात ते रुतून बसलं होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मुलीलाही. मुलगी त्यावर बोलायची नाही, फक्त ते गाणं कुठे लागलं की उठून पाणी प्यायला जायची.

म्हणून रिमेकचं आलं तेव्हा मी आधी फुईकडे गेलो. तिने ठरलेलं वाक्य म्हटलं. "मना गळा गया, भाऊ. आते काय गाऊ?" मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर उघडतोय तर फुई जिन्याशी उभी. इस्त्रीची साडी, पदराला पिन, हातात गरम पाण्याची बाटली. सुनेने पाण्यात मध घालून दिला होता. तिला गायचं होतं. साठी उलटलेल्या बाईला एकदा, फक्त एकदा ते गाणं नीट गायचं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं, की मला तिच्याकडे बघवेना.

भेस्तानचा मुलगा आला. मी जुनं गाणं तिच्या कानात लावलं आणि त्याच सुरात गायला सांगितलं. आमच्या धंद्यात हीच पद्धत. रिमेक म्हटला की मूळ गाण्याची पट्टी पवित्र. लोकांच्या कानात ती बसलेली असते, तिला हात लावायचा नाही. फुईने सुरुवात केली. निंबाचं कडवं कसंबसं पार पडलं. विहिरीला ती मान ताणून गाऊ लागली. नदीला आवाज फाटला. तिने हेडफोन काढून स्टँडवर ठेवले, अगदी हळू, जणू काचेचे आहेत.

"तुले सांगं व्हतं ना," ती म्हणाली. सांगितलं होतं ना तुला.

मुलगा सभ्य होता. आजी, छान झालं, म्हणाला, तिच्यासोबत फोटोही काढला. ती जिना उतरून गेल्यावर म्हणाला, काका, ऑर्केस्ट्रात गाणारी एक मुलगी आहे, उसका आवाज एकदम कॅसेट जैसा है. मी म्हटलं, बोलाव.

मुलगी यायच्या आधी मला जुन्या गाण्याची साफसफाई करायची होती. त्यातली ढोलकी नव्या बीटखाली थोडी ठेवायची, असं ठरलं होतं. फुईच्या घरची कॅसेट आणली, माझ्या जुन्या प्लेअरवर लावली, कॉम्प्युटरमध्ये घेतली. जुन्या टेपवर विजेची एक गुणगुण असते. यंत्र कितीही चांगलं असो, भिंतीतली वीज त्यात थोडी झिरपतेच. आपल्याकडे ही गुणगुण सगळीकडे एकाच सुरात असते. उधन्यात जी, तीच नंदुरबारला. मी ती आधी शोधतो आणि कापून काढतो. त्या दिवशीही शोधली, काढली. ती माझ्याच प्लेअरची होती. पण खाली अजून काहीतरी गुणगुणत राहिलं. बघितलं तर दुसरी गुणगुण, पहिल्यापेक्षा बरीच वरच्या सुरात.

वीज कधी वरच्या सुरात गुणगुणत नाही. म्हणजे ती त्या रेकॉर्डिंगच्या खोलीतली वीज होती, आणि तिचा सूर चढला होता, कारण नंतर टेपच जास्त वेगाने पळवली होती.

माझ्या डोक्यात हार्मोनियमचं एक जुनं कोडं होतं. या गाण्यातली पेटी कुठल्याच पट्टीत बसत नाही. पांढरी पाच म्हणावी तर चढी, काळी चार म्हणावी तर उतरलेली. आम्ही सगळे वाजवणारे म्हणायचो, जुनी पेटी असेल, हवा खात असेल. मी ती वरची गुणगुण खाली आणत गेलो, म्हणजे टेप हळू करत गेलो. गुणगुण आपल्या जागी आली तेव्हा पेटीही पांढरी चारवर अशी नेमकी येऊन बसली, की मी खुर्चीतून उठलो. आणि गाणारा आवाज बदलला. तो कोवळा, बारीक आवाज गेला. त्या जागी एक भरलेला, जरासा जाड, घरगुती आवाज आला. जिन्याखालून मला चहाला हाक मारणारा आवाज, फक्त तरुण.

मला राग आला. कोणावर, ते कळेना. फुई कधीच त्या उंच पट्टीत गायली नव्हती. कोणीच गायलं नव्हतं. एवढी वर्षं ती एका अशा बाईशी स्वतःला ताडून बघत होती, जी जगात नव्हतीच.

तिला सांगण्याआधी खात्री करावी म्हणून मी मार्केटमध्ये गेलो. साड्यांचा तो व्यापारी आता म्हातारा झालाय. धंदा मुलगा बघतो, हे गादीवर तक्क्याला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा सांगतात. मी ओळख दिली. कॅसेट काढल्याबरोबर त्यांना सगळं आठवलं. अगदी कौतुकाने, लपवाछपवी न करता त्यांनी सांगितलं. कोऱ्या कॅसेटींचा एक लॉट त्यांनी उचलला होता, आखूड टेपचा. पहिली बाजू मावली, दुसरी मावेना. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटत होतं. मग कॉप्या काढणाऱ्या माणसाने सुचवलं, की दुसरी बाजू जरा पळवू, बसेल. बसली.

मी म्हटलं, सूर चढला त्याने. माणसाचा आवाज बदलला.

"गीत तो वगाडवा माटे छे ने," ते म्हणाले, "मापवा माटे थोडुं छे?" गाणं वाजवायला असतं, मोजायला थोडंच! आयुष्यभर मीटरवर कापड मोजलेल्या माणसाने हे म्हणावं. मी हसलो. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि माझं हसू विरलं. दुसरा उपाय सोपा होता, शेवटचं गाणं काढूनच टाकायचं. शेवटचं गाणं म्हणजे ताकेवाल्याच्या बायकोचं. पण ते त्यांच्या पत्नीला आवडलं होतं, म्हणून ठेवलं. टेप पळवली नसती, तर फुई कॅसेटवर आलीच नसती. आता राग धरायचा तरी कुठे धरायचा? मी त्यांचा चहा प्यायलो आणि नमस्कार करून निघालो. दुकानातून बाहेर पडताना लक्षात आलं, कॅसेटच्या त्या दुसऱ्या बाजूला ज्या बुवांची गाणी आहेत तेही कॉलेजकुमार वाटतात ते उगाच नाही.

फुईला मी स्टुडिओत बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसतं समोर बसवलं आणि हळू केलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. ढोलकी आली, पेटी आली. पहिल्या ओळीला तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"हाई कोन शे?"

"वळख," मी म्हटलं.

निंब गेला, विहीर गेली. नदीचं कडवं आलं. तो आवाज जराही न ताणता वर गेला आणि घागर उतरवावी तसा परत खाली आला. फुईचा हात गळ्याशी गेला होता. गाणं संपलं.

"हाई मी शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मंग ती कोन व्हती?"

मी तिला टेपचं सांगितलं. व्यापाऱ्याचं सांगितलं, तिचं गाणं कापलं जाणार होतं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती खूश होईल, निदान हसेल. ती संतापली. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मशीनवर नाही, शेठवरही नाही. "मनी पोरनी हळदले मना तोंडमाईन शबद नही निंघना," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून रडली. मी काचेपलीकडे जाऊन माइकची वायर उगाच गुंडाळत बसलो. अशा वेळी काय करावं हे मला येत नाही.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि अगदी व्यवहारी सुरात म्हणाली, गाईन. पण एका अटीवर. पोरीला बोलाव, तिला समोर बसव. मी म्हटलं, फुई, हे रेकॉर्डिंग आहे, समोर माइक असतो. तिने माझ्याकडे रोखून बघितलं.

"भीतकडे तोंड करीसन कोनी हळदनं गानं म्हनस का?"

बरोबरच होतं तिचं. हळदीचं गाणं नवरीकडे तोंड करून म्हणायचं असतं. आमच्याकडे दुसरी पद्धतच नाही. नवरीकडे पाठ करून बसलेली बाई कितीही चांगली गायली तरी तिला वळवून बसवतात.

रिमेकचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. भेस्तानच्या मुलाला फुईची खरी पट्टी पटेना. ओरिजनल जैसा नही लगता, हे त्याने मला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. ओरिजनल कशाला म्हणायचं, हे मी त्याला एकाच प्रकारे सांगितलं. शेवटी तोड निघाली. आता वेग वाढवला तरी सूर चढत नाही, यंत्रं सुधारली आहेत. नाचायला वेग त्याच्या मनासारखा, पट्टी फुईची. व्हिडिओ आला, चालला, फार नाही. खाली लोकांनी लिहिलं, आवाज जाड आहे, जुन्या गाण्याची मजा नाही. काहींनी चांगलंही लिहिलं. फुईच्या नातवाने तिला चांगलं तेवढं वाचून दाखवलं. तिने जाडवालंही वाचायला लावलं आणि हसली. व्यावसायिक दृष्टीने बघितलं, तर ऑर्केस्ट्रातली मुलगी घेतली असती तर बरं झालं असतं.

रेकॉर्डिंगला फुईची मुलगी रविवारी हजीऱ्याहून आली. तिचे यजमान तिकडच्या प्लांटमध्ये आहेत. बसने आली, वैतागलेली. उन्हाने आणि बहुतेक आम्हा सगळ्यांमुळे. टेपचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा ती फक्त "असं होय" म्हणाली होती. माइकच्या खोलीत मी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ती तिच्यात बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, बँकेत नंबर यायची वाट बघावी तशी.

"माय, आते कसानी हळद?" ती म्हणाली. "मनी पोर बारावीमा शे."

"बठ व माय," फुई म्हणाली. "उगी ऱ्हाय."

मी दार लावलं आणि काचेच्या अलीकडे आलो. फुईला हेडफोन नको होते. मी पांढरी चारचा सूर खोलीतल्या छोट्या स्पीकरवर बारीक लावून दिला, ढोलकीचा ठेका दिला आणि हात वर करून खूण केली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

पहिलं कडवं जरा कापरं गेलं. वय आवाजात होतंच, ते कुठे जाणार? पण सूर तिच्या जागेवर होता आणि ती तिथे आपल्या घरात वावरावं तशी वावरत होती. मुलगी आधी फरशीकडे बघत होती. विहिरीच्या कडव्याला तिने मान वर केली. तेव्हा फुई माइक सोडून अर्धं पाऊल पुढे सरकली, आवाज थोडा बाजूला गेला, आणि रेकॉर्डिंग थांबवावं असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी थांबवलं नाही.

हळद लावायला घेण्याआधी बायका नवरीच्या अंगावरचं घड्याळ, अंगठी काढून घेतात, नाहीतर पट्टा कायमचा पिवळा पडतो. नदी आली. फुई वर गेली, तिथे थांबली आणि सावकाश खाली आली. माझं सगळं लक्ष आवाजाच्या मीटरच्या काट्यांवर होतं, म्हणून मला ते उशिरा दिसलं. मुलीने पर्स खाली फरशीवर ठेवली होती, आणि आईच्या तोंडाकडे बघत ती मनगटावरचं घड्याळ काढत होती.